उष्टा वारा

जेवण झाल्यावर पडवीतल्या खाटेवर आडवा होतो. डोळे मिटले की खाट हलते. सकाळी होडीत होतो, ती हालचाल अजून अंगात आहे. बाहेर माडाच्या झावळ्या एकमेकींवर घासतात आणि मला वाटतं, माझ्याबद्दलच काहीतरी बोलणं चाललंय.

पिशवी भरून खाटेखाली ठेवली आहे. चार वाजता पोहायच्या टाकीत सराव आहे, तिथे जायचं नाही. पाचच्या एसटीने परत निघायचं. मालवणात माझं काही राहिलेलं नाही. दीक्षाच्या तोंडाकडे मला आता बघता येणार नाही.

दीक्षा कुबल म्हणजे आम्हाला पाण्याखाली जायला शिकवणारी मुलगी. माझ्या मुलीपेक्षाही लहान. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडात श्वास घ्यायचं रबर, डोळ्यांवर मास्क. पहिल्या दिवसापासून ती सांगते, "काकानू, मास्काक वाफ धरता. आत थुका आणि बोटान चोळा. लाजा नको." मी थुंकत नाही. भाड्याचा मास्क, काल कुणी थुंकलेला, परवा कुणी. मी घरून आणलेल्या रुमालाने पुसतो. रबरसुद्धा बाटलीतल्या पाण्याने धुऊन घेतो. लोक हसतात. मी कुणाचं उष्टं तोंडात घेत नाही, घरातही कधी घेतलं नाही.

आज सकाळी पहिल्यांदा समुद्रात उतरलो. खाली गेल्यावर काच धुरकटली आणि दीक्षा दिसेना. बघायला म्हणून मास्क जरा उचलला, तर आत पाणी शिरलं. पाणी शिरलं की मान वर करायची, मास्कची वरची कड दाबायची आणि नाकाने फुंकायचं. टाकीत मला ते येत होतं. समुद्रात मी नाकाने श्वास ओढला. खारं पाणी डोक्यात चढलं आणि मी तोंडातलं रबर थुंकून टाकलं. दीक्षाने तिच्या सिलिंडरला जोडलेलं जादाचं पिवळं रबर माझ्यापुढे धरलं. ते अशाच वेळेसाठी असतं. मी त्याच्याकडे बघितलंच नाही. तिच्या तोंडातलं ओढून काढलं आणि माझ्या तोंडात घातलं.

वर आल्यावर मी होडीत पालथा पडून खोकत होतो. तिच्या ओठातून रक्त येत होतं. होडी चालवणारा तांडेल म्हणाला, "काकांका धुतलेला रबर नको, तोंडातला होया!" सगळे हसले. दीक्षा हसली नाही. ओठावर मनगट दाबून ती माझी पाठ चोळत राहिली. त्यापेक्षा ती हसली असती तर बरं झालं असतं.

झावळ्यांचा आवाज थांबतो.

"पिशवी कुणी भरली?"

खाटेच्या कडेला शालन बसली आहे. शालन माझी बायको. मार्गशीर्षात ती गेली. हे मला आत्ताही माहीत आहे, पण तिच्या तोंडावर म्हणायला बरं वाटत नाही.

"मीच भरली," मी म्हणतो.

"दिसतंयच. धुतल्या बनियनीत चपला गुंडाळल्यात." ती वाकून पिशवी बघते. "आन निघालासा कुठं?"

"घरी."

"घरी कोण हाय?"

ती पदर कमरेला खोचते, गिरणीतून दळप आणायला निघाल्यासारखी.

"उठा. माग बंद पडलाय."

तिच्या मागून मी पडवीची पायरी उतरतो. पायरीखाली अंगण नाही. इचलकरंजीतलं यंत्रमागांचं पत्र्याचं शेड आहे, जिथे मी मागांची दुरुस्ती करत म्हातारा झालो. शेड छतापर्यंत पाण्याने भरलं आहे. पाणी हिरवं आहे आणि पत्र्याच्या भोकांतून ऊन खाली उतरलं आहे. ओळीने माग चालू आहेत, आडवा दोरा नेणारे धोटे इकडून तिकडे जातात, आणि आवाज नाही. मागांच्या खडखडाटात माझे अर्धे कान गेले. आता फक्त माझा श्वास ऐकू येतो. आत जातो, बाहेर येतो.

शालनच्या पाठीवर आमच्या स्वयंपाकघरातला लाल सिलिंडर बांधलेला आहे. तिच्या तोंडात रबर आहे, तरी ती बोलते आणि मला समजतं. तिचं लुगडं पाण्यात फुगत नाही.

"कान दुखतायत," मी म्हणतो.

"नाक दाबून फुगवा की."

"फुगवतोय. होत नाही."

"दुखायच्या आदी फुगवायचं असतंय. दुखल्यावर काय उपेग? तुमचं सगळं दुखल्यावर." ती माझ्या दंडाला धरून मला थोडं वर ओढते. "हितं फुगवा. आता सावकाश खाली या. घाई हाय व्हय कुठं?"

कानात टक् होतं आणि दुखणं जातं.

"तुला हे कसं ठाऊक?"

"मी आदी येऊन गेले न्हवं!"

आली होती. बचत गटाच्या बायकांबरोबर मालवणला सहलीला. बाकीच्या बायका होडीत बसून राहिल्या आणि ही एकटी उतरली, कुणाचा तरी हात धरून. घरी आल्यावर भाकरी थापताना सांगायची, जेवताना सांगायची. एक मासा म्हणे तिच्या बांगडीला तोंड लावून गेला. हात धरून नेतात ते खरं नव्हे, शिकून गेलं की आपलं आपण हिंडता येतं, असं म्हणायची. शिकायला जायचं तिचं ठरलं होतं. मी म्हणायचो, आधी घरात नीट हिंड. मग पावसाळा गेला आणि ताप आला.

मागांच्या मधल्या वाटेने ती पुढे पोहते. मी हातपाय मारतो तसा वर जातो, मग खाली आपटतो. गुडघ्याने तळाचा गाळ उडतो.

"हात कशाला मारतायसा? माशा हाकलताय काय? हात छातीशी धरा. श्वास घेटला की वर, सोडला की खाली. तेवढंच हाय."

मी हात छातीशी धरतो. खरंच तेवढंच आहे. मागावरून तरंगत जातो आणि खाली विणलेलं कापड दिसतं, पांढरं, हलणारं. मग काच धुरकटते. माग जातात, शालन जाते.

"शालन."

"हितंच हाय."

ती माझा मास्क काढते. डोळ्यांत पाणी जात नाही. ती मास्कमध्ये थुंकते आणि अंगठ्याने गोल गोल चोळते, लेकीच्या गालावरचं काजळ पुसायची तशी.

"अगं, काय करतेस?"

"काय झालं?"

"थुंकी आहे ती."

"मग काय अत्तर लावू?" ती मास्क माझ्या तोंडावर बसवते आणि पट्टा मागे ओढते. "जॉबर, एक इचारू?"

माग दुरुस्त करतो तो जॉबर. रागावली किंवा खूश झाली की ती मला जॉबर म्हणायची. आत्ता कोणतं आहे ते कळत नाही.

"ह्या मागावर दोरा तुटला, की धोट्याच्या भोकातनं कसा ओढायचा?"

"तोंडाने. धोट्याला तोंड लावून ओढायचा."

"आन त्योच धोटा आदी कुणाच्या तोंडात?"

"दिवसपाळीच्या माणसाच्या."

"धुऊन घेत होतासा?"

मी मागाकडे बघतो. धोटा माझ्यासमोर थांबला आहे. भोकाजवळ लाकूड ओठांनी झिजून गुळगुळीत झालं आहे, काळं पडलं आहे. किती जणांचे ओठ लागले त्याला.

"कामाला उष्टं नसतं," मी म्हणतो.

"मग बायकूला आसतंय?" ती हसते. "इतकी वर्सं तुमच्या ताटात जेवले. तुमी माझ्या कपातला घोटभर चा कदी घेटला न्हाईसा. आन परक्या पोरीच्या तोंडातलं बरं चाललं!"

"तुला कुणी सांगितलं?"

"भरल्या होडीत खोकत पडलासा, सांगाय कोण लागतंय?"

पाणी थंड होतं. मला कुठेतरी जाऊन बसावंसं वाटतं, पण पाण्यात बसायला जागा नाही. मी खाली बघतो. खाली आमच्या स्वयंपाकघराची फरशी आहे. चुलीपाशी दोन पाट मांडलेत आणि ताट एकच.

"तिच्या ओठातून रक्त आलं, शालन. लाज वाटते मला."

"वाटू दे की. लाजंनं कोण मरत न्हाई. मी काय लाजंनं मेले न्हाई, तापानं मेले."

हे तिनेच काढलं. मला आता काही लपवायचं राहत नाही.

"मी उद्या परत तसंच केलं तर?"

"मग त्या पोरीला सांगा तसं. भ्या वाटतंय म्हणून सांगा. पाच वाजता एसटीत बसून कुणाला सांगणार? कंडक्टरला?"

मला हसू येतं आणि हसताना रबराच्या कडेने पाणी आत येतं. मी श्वास ओढतो. अर्धाच येतो. पुन्हा ओढतो. बाटली संपल्यावर नळीतून ओढावं तसं, काहीच नाही. हवा किती उरली ते दाखवायचा काटा माझ्या कमरेला लोंबतो आहे. मी तो एकदाही बघितलेला नाही. छाती आवळते. हात आपोआप वर येतो, शालनच्या तोंडाकडे, आणि मी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवतो.

"पिवळं कुठंय?" मी विचारतो. "तुझं पिवळं?"

"आमच्याकडं पिवळं नसतंय."

ती आपल्या तोंडातलं रबर काढते आणि माझ्यापुढे धरते. त्याच्यातून बारीक बुडबुडे निघत राहतात. मी घेत नाही. उष्टं म्हणून नव्हे. हात सोडला तर सकाळसारखा ओढेल, त्याची भीती वाटते.

"घ्या," ती म्हणते. "मी देतीया."

"आणि तुला?"

"मला कशाला वारा लागतोय आता?"

मी हात सोडतो. तो ओढत नाही. तिच्या हातावर हात ठेवून मी रबर तोंडात घेतो. ते कोमट आहे. त्याला जळक्या तंबाखूची चव आहे, मिश्रीची. ती सकाळी परसात बसून दातांना लावायची आणि तोवर कुणाशी बोलायची नाही. वारा येतो. छाती भरते.

पाण्याखाली एकाच्या तोंडातलं दुसऱ्याने घेतलं, तर दोन श्वास घेऊन परत द्यायचं असतं. दीक्षाने शिकवलं आहे. मी रबर काढून शालनपुढे धरतो. ती मान हलवते. मी पुन्हा धरतो. ती माझंच मनगट उलटं फिरवून ते माझ्या तोंडात घालते, आजारी माणसाला चमचा भरवावा तसं. तिच्या नाकातोंडातून एकही बुडबुडा निघत नाही. इतका वेळ मी ते बघितलं नव्हतं.

"दम धरू नगा," ती म्हणते. "येऊ दे, जाऊ दे. आता वर जावा. सावकाश. आपल्या बुडबुड्यांच्या फुडं पळायचं न्हाई."

"तू चल ना."

"माझं बगून झालंय. तुमचं ऱ्हायलंय."

ती तळाशी पाटावर बसते. मी वर जातो. माझे बुडबुडे आधी जातात आणि मी त्यांच्या मागून जातो. ती लहान होत जाते, तरी पदर खोचलेला दिसतो. माग दिसेनासे होतात. पाणी हिरव्याचं पांढरं होतं.

"काकानू! ओ काकानू!"

मी उतरलोय त्या घरच्या वैनी समोर उभ्या आहेत. त्यांच्या हातात चहाचा कप आणि पाण्याचा तांब्या. ऊन कलून पडवीत आलं आहे.

"चार वाजाक इले. चाय थंड होतली." त्या थांबतात आणि वाकून बघतात. "तुमच्या दातांका काय लागला?"

मी अंगठा दातांवरून फिरवतो. अंगठा काळा होतो. नाकाशी नेऊन हुंगतो.

"मिश्री," मी म्हणतो.

"तुमी मिश्री लावतास?"

"नाही. बायको लावायची."

वैनी माझ्या तोंडाकडे बघत राहतात. मग तांब्या पुढे करतात. "घेवा, चूळ भरा आधी."

"राहू द्या. दीक्षा आहे का टाकीपाशी?"

"आसा. दोनदा येऊन गेली. मी म्हटलंय, काका निजलेत."

मी चहा तसाच पितो, मिश्रीच्या चवीचा. कप खाली ठेवतो आणि अनवाणीच टाकीकडे निघतो.