बोटांनी बुडवलेला ब्लॉग

आमच्या घराण्यात एकी फार आहे. माझा ब्लॉग त्या एकीनेच बुडवला.

मी मलकापूरची. सतरा वर्षांच्या संसारात भाजीपासून भिशीपर्यंत सगळे व्यवहार मी केले, पण स्वतः कमावलेला रुपया काही माझ्या हाताला लागला नव्हता. तो एकदा तरी लागावा, एवढीच माझी हौस होती. (हौस म्हणायची पद्धत आहे. खरं म्हणजे ते खूळ होतं, आणि ते डोक्यातून जायला तयार नव्हतं.)

म्हणून मी ब्लॉग काढला. वऱ्हाडी रांधणं, घरच्या पाककृती. आमचे हे जिनिंगच्या वजनकाट्यावर कामाला. त्यांना दिवसभर कापसाच्या गाड्या तोलायची सवय, त्यामुळे माझी योजनाही त्यांनी लगेच तोलली.

"ब्लॉग? आता कोण वाचते वं? लोक रील पाहून राह्यले."

"मले लिहिताच येते. कॅमेरा पाह्यला की माह्यं तोंड आधार कार्डावरच्यासारखं होते!"

"मंग लिही. पण सांगून ठेवतो, ब्लॉगचा जमाना गेला."

मी चिडले आणि लिहायला बसले. वर्षभर लिहिलं. रोडगे, पातोडी, खिचडी, काही सोडलं नाही. लेखाच्या बाजूला एक कंपनी जाहिराती दाखवायची, आणि मुंगीच्या पावलांनी माझी कमाई पुढे सरकत होती. ठरावीक कमाई झाली की पत्ता खरा आहे का हे तपासायला ती कंपनी टपालाने एक आकडा पाठवते. तो आकडा भरला की पुढे पैसे. तर एके दिवशी दुपारी पोस्टमन दारात उभा!

"काकू, परदेशातून पाकीट हाय. सुनबाईच्या नावानं."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पांढऱ्याफटक पडल्या. "अवं माय! वारंट आलं काय वं?"

मी पाकीट फोडलं, आकडा दाखवला, सगळं समजावून सांगितलं. संध्याकाळी हे आले, त्यांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं, उजेडासमोर धरलं. "म्हणजे खरंच पैसे भेटतेत?" माझी छाती अशी फुगली म्हणता! आणि त्या फुगलेल्या छातीने मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मूर्ख वाक्य बोलले.

"त्या जाहिरातीले कोणी बोट लावलं की मले पैसे भेटतेत."

"नुसतं बोट लावलं की?" आत्याबाईंनी विचारलं.

"हाव."

"वाचा नाही लागत?"

"वाचलं तर बरं. पण पैसे बोटाचे."

आत्याबाईंनी आपल्या तर्जनीकडे असं पाहिलं, की जणू सत्तर वर्षं हे बोट फुकट वाया गेलं! (घरच्यांनी बोट लावायचं नसतं, हे कंपनीच्या नियमांत लिहिलेलं होतं. पण ते नियम इतके लांबलचक होते की मी सगळ्यात खाली जाऊन 'मान्य आहे' दाबलं होतं. माझं कोणी वाचत नाही म्हणून रडणारी मी!)

पुढच्या आठवड्यात चमत्कार झाला. ब्लॉगचा आलेख ताडकन वर गेला. आधी दिवसाला दहा-बारा माणसं यायची, ती शेकड्यांनी यायला लागली. त्यातही माझ्या रोडग्यांच्या लेखावर तर झुंबड! मी हरखून गेले. आरशासमोर उभी राहून मुलाखतीची तयारी करून पाहिली. शेजारच्या काकूंना म्हणाले, "लोकांले अस्सल लिखाण समजते हो." त्या बिचाऱ्या मान डोलवत होत्या.

दहाव्या दिवशी कंपनीचा मेल आला. तुमच्या पानावरच्या जाहिरातींवर बनावट क्लिक झाले आहेत. खातं बंद. कमाई रद्द.

मी मटकन खालीच बसले! बनावट? माझे रोडगे बनावट? वर्षभर डोळे फोडून लिहिलं आणि पहिला रुपया हाताशी येऊन परत गेला. मला खरंच रडू फुटलं.

आत्याबाई धावत आल्या. "काऊन रडतं वं?"

"आत्याबाई, कोणीतरी दुश्मनानं माह्या जाहिरातीले मुद्दाम बोटं लावली!"

"दुश्मन काऊन म्हणतं?" आत्याबाईंचा आवाज एकदम दुखावला. "घरचेच हायेत."

मी रडायची थांबले.

हळूहळू एकेक उलगडत गेलं आणि प्रत्येक वेळी मला नव्याने धक्का बसत गेला. आत्याबाईंनी पाकीट आलं त्याच संध्याकाळी सगळ्या भाऊबंदांच्या ग्रुपवर रोडग्यांचा लेख टाकून आवाजी निरोप दिला होता: 'सुलभाच्या जाहिरातीले सकाय-संध्याकाय बोट लावा रे. चुकू नका.' वडनेर भोलजीचे माझे चुलत जेठ, म्हणजे यांचे थोरले चुलतभाऊ, ज्यांनी आजवर माझ्याशी चार शब्द बोललेले नाहीत, त्यांनी गावच्या पारावरची अख्खी मंडळी कामाला लावली होती. शेगावची माझी नणंद लॉज चालवते. ती दर्शनाला आलेल्या लोकांना खोलीची किल्ली देण्याआधी फोन पुढे करायची, "लावा बोट, पुण्याचं काम हाय!" भाविक बिचारे मनोभावे लावायचे. काहींनी तर नमस्कारही केला म्हणे!

"अन् तुमी?" मी यांच्याकडे वळले.

हे खिडकीबाहेर बघायला लागले.

"तुमी तं म्हणत होते, ब्लॉगचा जमाना गेला!"

"म्हणत होतो... पण काट्यावर गाड्यांची लाइन असते ना वं. लोक तसेही उभेच राह्यतेत." "मी म्हणो, आधी बोट, मंग वजन."

कपाळावर हात मारून घ्यायलासुद्धा माझ्यात जोर उरला नव्हता. शेवटची आशा म्हणून विचारलं, "रोडग्याचा लेख वाचला तरी का कोणी?"

"तो काऊन वाचू?" आत्याबाई म्हणाल्या. "रोडगे मीच शिकवले ना तुले!"

आता एकच वाट होती. कंपनीकडे अपील. त्या फॉर्ममध्ये एक रकाना होता: या क्लिकबद्दल तुम्हाला काय माहीत आहे ते लिहा. हे म्हणाले, "माहीत नाही म्हून लिही अन् मोकयी हो." शहाणपणाचा सल्ला होता. पण आत्याबाई आडव्या आल्या.

"लोकायनं एवढं केलं अन् कोणाचं नाव नाही टाकायचं? तोंड कसं दाखवू मी?"

झालं! नावं टाकायचं ठरलं, आणि आमच्याकडे नावं टाकायची म्हटली की पहिल्यांदा आठवते लग्नपत्रिका. बातमी ग्रुपवर गेली आणि फोन सुरू झाले. वडनेरचे जेठ प्रथमच माझ्याशी मोकळेपणाने बोलले.

"माह्यं नाव कुठं टाकलं?"

"ताईच्या खाली, भाऊजी."

"खाली? शेगाव वर अन् वडनेर खाली? तुमच्या लग्नाच्या पत्रिकेत खाली टाकलं तवाही मी बोललो नाही. आता बोलतो!"

नावं खालीवर झाली. आधी मोठे, मग जावई, मग 'समस्त परिवार'. नणंदेने फोनवरून बजावलं, "माह्या पोराईचं नाव विसरू नको, त्यायनं शायेतून येऊन बोट लावलं." तर शेवटी लहान मुलांची एक वेगळी ओळ! फक्त 'मामीच्या अपिलाला यायचं हं' एवढं लिहायचं राहिलं.

यादी पुरी झाली. हे फॉर्म पाठवणार, तेवढ्यात आत्याबाई चष्मा नाकावर ओढत म्हणाल्या, "समद्यांचं झालं. तुह्यं कुठं हाय?"

"माह्यं काऊन?"

"तू नाही लावलं बोट?"

मी पदराशी खेळायला लागले. इतक्या प्रामाणिक माणसांची यादी समोर असताना खोटं बोलवेना.

"एकदाच लावलं," मी म्हणाले. "पातोडीचा लेख होता. त्यात मी लिहिलं होतं, मसाला पाट्यावरच वाटा, मिक्सरले ती चव नाही. अन् बाजूलेच जाहिरात होती... मिक्सरची. लय सुंदर होता."

यांनी मान सावकाश स्वयंपाकघराकडे वळवली. "तो लाल मिक्सर? तो तं तुह्या माहेरून आला ना?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"अवं, मी तुह्या भावाले फोन करून धन्यवाद देल्ले!"

"मंग तो काय म्हणे?"

"म्हणे, त्यात काय एवढं, दाजी!"

आत्याबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. हे मात्र एकदा मिक्सरकडे, एकदा माझ्याकडे असे डोळे विस्फारून पाहत राहिले, की परदेशातून खरंच वारंट आलेलं परवडलं असतं. शेवटी त्यांनी माझं नाव यादीत सगळ्यात वर टाकलं आणि फॉर्म पाठवून दिला.

दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं, अपील नामंजूर. एवढी वजनदार माणसं नावानिशी उभी असताना कंपनीने ऐकलं नाही, याचा वडनेरला अजून राग आहे.

ब्लॉगमधून अजून कमाई होते का, असं विचारणाऱ्या बायका मला आजही भेटतात. मी छातीठोकपणे सांगते, होते! मिक्सरवाल्याला मी स्वतः करून दिली आहे.