परसातून न गेलेली मोरी

शेजारच्यांच्या फोनवर नांदेडहून भाचा बोलत होता. "आत्या, अण्णा..." एवढंच म्हणाला. मी फोन ठेवला आणि स्टँड गाठलं. लातूरहून नांदेड काही परदेश नाही, पण त्या दिवशी एसटी अहमदपूरला थांबली ती हलेचना, आणि मी पोचले तोवर अण्णाला घाटावर नेलेलं होतं. माझा थोरला भाऊ. जन्मभर माझ्यावर डाफरला आणि जन्मभर मला न विचारता भाऊबीजेला हजर राहिला. महिना होऊन गेला, तरी मधूनच वाटतं की हे सगळं कुणीतरी परस्पर ठरवलं, मला विचारायला हवं होतं.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. अण्णा उर्दूत शिकला आणि तामीरात, म्हणजे बांधकाम खात्यात नक्शानवीस म्हणून लागला. रस्ते, पूल, मोऱ्या यांचे नकाशे काढायचं काम. नोकरीपेक्षा त्याला टोक काढलेल्या पेन्सिलींचाच रुबाब जास्त, कुणी हात लावला की घर डोक्यावर घ्यायचा. आमची गल्ली गोदावरीकडे उतरणारी. घराघरातल्या न्हाण्यांचं पाणी उघडंच वाहत जाई आणि बायका जिथं धुणी धूत त्याच घाटाशी नदीला मिळे. गल्लीच्या वळणावर, आमच्या घराला लागून, सगळ्यांचा मिळून एक आड होता. डाळ शिजायची ती त्याच्याच पाण्यात. खात्यानं गल्लीतून खापरी नळांची बंद मोरी टाकायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. नकाशा काढायचं काम अण्णाकडेच आलं आणि आमच्या आईनं शेजारणींना गूळ वाटला.

अण्णानं काय केलं, तर गल्लीच्या वरच्या टोकाला घागरभर पाणी ओतलं आणि त्याच्या मागं मागं चालत आला. पाणी आडाच्या कठड्याशी येऊन थबकलं. "बघ," तो मला म्हणाला, "मोरी बी इथूनच जाणार. काळी माती हाय ही, उन्हाळ्यात भेगाळती. नळाचे सांधे सुटले की समदी घाण आडात."

दुसरी वाट होती, घरांच्या मागून. परसातून मोरी नेली तर ती आड टाळून खालच्या ओढ्याला मिळाली असती. उतार जेमतेम होता, पण होता. खात्यातला त्याचा साहेब भला माणूस, त्यानं सांगितलं, "सब घरां की रजामंदी लाव, मैं मंजूर कर देतूं. एक भी घर ना बोला, तो लाइन सामने से जाती." मग अण्णा दारोदार फिरला. हकीमचाचांनी चहा पाजून लगेच हो म्हटलं. कोपऱ्यावरच्या काकूंचं तुळशीवृंदावन वाटेत येत होतं, त्यांनी तोंडाचा पट्टा सोडला. अण्णा मुकाट्यानं ऐकत बसला आणि शेवटी वृंदावन स्वतः हलवून, नव्या जागी पूजा घालून मोकळा झाला. अर्धापूरची केळी किती घरी पोचवली, देव जाणे. एकेक करत सगळी गल्ली वळली. राहिलं आमचं घर. त्याची कुणाला काळजीच नव्हती.

आई तांदूळ निवडत होती. अण्णानं सांगितलं तशी ती हात थांबवून म्हणाली, "परसातून न्हाई."

"का पण?"

"तुम्हा पाच जणांच्या नाळा तिथं पुरल्यात. तिघं तर पाळण्यातच गेले. त्यांचं म्हणून तेवढंच हाय माझ्यापाशी. त्याच्यावरून गल्लीची घाण नेतोस व्हय?"

"आई, ते कवाच मातीत मिसळलं."

"मिसळलं म्हणूनच तर सांगून राहिले."

अण्णानं समजावलं, चिडला, दोन दिवस जेवला नाही. आडाचं सांगितलं. आई म्हणाली, आडाचं देव बघून घेईल. परक्या बाईंचं वृंदावन हलवलेला माणूस, पण घरच्या बाईपुढं त्याचं काही चालेना. शेवटी समोरच्या बाजूनं, आडाला लगटून जाणारी रेघ त्यानं आपल्याच हातानं काढली. ती काढताना मी त्याच्या खोलीत गेले होते. त्यानं मान वर केली नाही.

मोरी झाली. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर आडाच्या पाण्याला वास येऊ लागला. अण्णा पलीकडच्या गल्लीतल्या विहिरीवरून कळशी आणू लागला. आई मात्र आडाचंच प्यायची, "माझी सासू हेच पाणी पिऊन म्हातारी झाली," म्हणायची. त्या पावसाळ्यात तिला हगवण लागली. आडामुळंच झालं असं मी म्हणत नाही, पुराचं पाणीही गल्लीत शिरलं होतं. हकीमचाचांचं औषध पोटात ठरेना. अखेरीला तिनं पाणी मागितलं. अण्णानं कळशीतलं दिलं. तिनं ओठाला लावलं आणि तोंड फिरवलं. "हे आपलं न्हाई. आडाचं दे." अण्णा उठला, आडावर गेला, शेंदून आणलं आणि आपल्या हातानं तिला पाजलं. ती पोटभर प्याली. मला आजही ते आठवलं की रडू येत नाही, संताप येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

पुढं एकदा मी त्याला म्हटलं, "आईनं हो म्हटलं असं साहेबाला खोटं सांगायचंस." तो म्हणाला, "आणि खोदताना ती परसात येऊन बसली असती, मग?"

राज्य बदललं, आडावर फरशी आली, घरोघर नळ आले. अण्णानं नळाच्या पाण्याला कधी तोंड लावलं नाही. पाइप त्याच मोरीच्या अंगानं टाकलाय, एवढंच म्हणायचा. पाठीत वाकला, कळशी लहान घेतली, पण पहाटे विहिरीवर जाणं सुटलं नाही. त्याची सून लाजेनं अर्धी व्हायची. लोक हसायचे. मीसुद्धा हसले आहे.

गेला त्या पहाटेही तो कळशी भरूनच आला होता. टेकला, तो उठला नाही. माणूस जातो तिथं आपण दिवा लावतो, पाण्याचा तांब्या ठेवतो. सुनेनं तांब्या नळाखाली धरलेला पाहून मी तो तिच्या हातून घेतला आणि कळशीतून भरला. रोज सकाळी जुनं पाणी तुळशीला घालून कळशीतलं नवं ठेवत होते. वाटलं, माझ्या हातून एवढं तरी होतंय. पण कळशी लहान. दहावा व्हायच्या आतच ती तळाला गेली. भाचा सुतकाच्या गडबडीत, माझे गुडघे जिना उतरू देईनात, आणि सुनेला विचारलं तर म्हणाली, "आत्या, ती विहीर तर बुजवायला काढलीय. कडेला थोडं पाणी राहिलं होतं, अण्णा तेच गाळून आणून राहिले होते."

मी भिंतीला धरून उठले. मग तांब्या घेतला, आत गेले आणि नळ सोडला.