पहिल्या वाक्यातलं संतपूर

माझ्या पहिल्या पेपरची प्रस्तावना तीन परिच्छेदांची आहे आणि ती मला आजही तोंडपाठ आहे. कुणी विचारलं तर म्हणून दाखवते. कुणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी. भूगोलाच्या एका नियतकालिकात इंग्रजीत छापलेला तो मजकूर माझ्या गावच्या, म्हणजे बीदर जिल्ह्यातल्या संतपूरच्या, आठवडी बाजारापासून सुरू होतो. त्या एका वाक्यापर्यंत पोचायला जेवढा घाम गाळावा लागला, तेवढा बाकीच्या सगळ्या पेपरला लागला नव्हता.

तेव्हा मी कलबुर्गीला हॉस्टेलवर राहून पीएच.डी. करत होते. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या गावांतले लोक आपला माल घेऊन कुठल्या बाजारात जातात आणि का, हा माझा विषय. गावोगाव हिंडून झालं होतं, तक्ते झाले होते, नकाशे काढून झाले होते. अडलं होतं ते पेपरवर. पेपर स्वीकारला गेल्याशिवाय प्रबंध सादर करता येत नव्हता, आणि माझे मार्गदर्शक सर त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. ते गेले की नवे मार्गदर्शक, आणि नवे मार्गदर्शक म्हटलं की विषयाच्या नावापासून पुन्हा श्रीगणेशा. अशात नियतकालिकाकडून पेपर परत आला. काम चांगलं आहे, पण हा अभ्यास कशासाठी केला ते प्रस्तावनेतून समजत नाही, ती नव्याने लिहा, नाहीतर आम्हाला घेता येणार नाही.

मी चिडले. चिडून लिहायला बसले आणि पहिलं वाक्य लिहिलं की भारत हा कृषिप्रधान देश आहे. सर अफजलपूरचे. घरात कन्नड, पण सोलापूरला सारखं जाणं-येणं, त्यामुळे माझ्याशी मराठीतच बोलायचे. त्यांनी ते वाक्य वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"अक्का, हे कुणाला माहीत न्हाई? वाचणारा हितंच झोपंल की."

दुसऱ्या खेपेला मी जगभरातल्या बाजारांवर कुणी कुणी काय लिहिलंय ते सगळं आणून ओतलं. चीनमधली खेडी आली, आफ्रिकेतली आली. एवढं वाचलंय हे दिसायला नको का?

"सगळं जग आलं," सर म्हणाले. "तू कुठं हाईस ह्यात? हे बघ, आतापर्यंत काय कळलंय, काय कळायचं ऱ्हायलंय, आन् तू त्याचं काय केलंस. प्रस्तावना म्हंजे एवढंच. बाकीचा पसारा कशाला मांडायलीस?"

ऐकायला हे फार सोपं होतं. तिसरा मसुदा मी तसाच केला, आणि माझ्या अभ्यासाच्या जागेला 'उत्तर कर्नाटकातील एक सीमावर्ती भाग' म्हटलं. मला ते भारदस्त वाटलं. सरांनी मसुदा वाचायला म्हणून पिशवीत टाकला, कारण दुसऱ्या दिवशी आम्हाला एका चर्चासत्रासाठी सोलापूरला जायचं होतं.

तिथं चहाच्या वेळी एका बाईंनी विचारलं, "कुठल्या तुम्ही?" मी म्हटलं, उदगीरकडची. थोड्या वेळानं धारवाडहून आलेल्या एका प्राध्यापकांनी तेच कन्नडमध्ये विचारलं. मी म्हटलं, बीदर. दोन्ही वेळा सर शेजारीच बशीतलं बिस्किट खात उभे होते.

परतताना बसमध्ये त्यांनी विषय काढला. "एका चहात दोन गावची झालीस. संतपूर कुठं गेलं?"

"सर, संतपूर कुणाला ठावं हाय?"

"ठावं असतं तर मग पेपर कामून लिहायलीस?"

आमच्याकडे सगळे असंच सांगतात. मराठी माणूस भेटला की उदगीर, कानडी भेटला की बीदर, तेलंगणात गेलो की जहिराबादच्या अलीकडं. त्यात खोटं काही नसतं, समोरच्याचा वेळ वाचतो. पण आपलं गाव सांगायला एवढी काटकसर करायची सवय आपल्याला लागलीये, हे त्या बसमध्ये पहिल्यांदा लक्षात आलं, आणि मला स्वतःचाच राग आला.

हॉस्टेलवर आल्यावर मी दोन जुन्या अभ्यासांतले नकाशे जमिनीवर शेजारी शेजारी मांडले. एक लातूर जिल्ह्याचा. त्यात उदगीरच्या मोंढ्याकडे, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेकडे, चहूबाजूंनी रेघा आल्या होत्या, पण राज्याच्या हद्दीपर्यंतच. पलीकडे कोरं. दुसरा बीदर जिल्ह्याचा. त्यात आमच्या गावांतून निघालेली एकूण एक रेघ तालुक्याच्या औरादला नाहीतर बीदरला गेली होती, जणू उदगीर जगात नाहीच. आणि आमचे अप्पा, म्हणजे वडील, दरवर्षी सोयाबीन आणि तूर टेम्पोत घालून उदगीरच्या अडतीवर नेत होते. एका नकाशात अप्पा नव्हतेच, आणि दुसऱ्यात ते जिथं जात नव्हते तिथं माल विकत होते! हे दोन्ही नकाशे मी कितीदा पाहिले होते, संदर्भयादीतही टाकले होते. शेजारी मात्र कधी ठेवले नव्हते. जे कळायचं राहिलं होतं ते चीनमध्ये नव्हतं, आमच्या दारात होतं.

त्या बैठकीत मी तीन परिच्छेद लिहून काढले. पहिल्या वाक्यात संतपूरचा बाजार. मग दोन्हीकडच्या अभ्यासकांनी काय शोधलं, आणि दोघांनी हद्दीवर येऊन कशी पाठ फिरवली. शेवटी, मी त्या हद्दीवर उभी राहून काय मोजलं. अभ्यासकांना मी चांगलंच फैलावर घेतलं होतं. सरांनी लाल पेन घेतलं.

"राग ऱ्हाऊ दे. शिव्या तेवढ्या काढ," म्हणाले. मग पहिलं वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचलं, आणि त्याला पेन लावलं नाही.

पेपर स्वीकारला गेला. परीक्षकांनी तक्त्यांवर शंका काढल्या, नकाशाच्या रंगांवर काढल्या. प्रस्तावनेवर एकही नाही. सर निवृत्त व्हायच्या आत प्रबंध सादर झाला, आणि त्या दिवशी विभागात पेढे मी वाटले, सरांनी नाही, कारण मला ते स्वतःच्या हातानं वाटायचे होते.

अप्पांना मी फोनवर प्रस्तावना मराठीत करून वाचून दाखवली. "आपलं गाव इंग्रजीत छापलंय व्हय?" ते म्हणाले आणि अडतीवर सगळ्यांना सांगून आले. अडतदाराची एकच तक्रार होती, की आपल्या दुकानाचं नाव का नाही घातलं.

आता मी स्वतः शिकवते. गेल्या पावसाळ्यात बसवकल्याणकडच्या मंठाळची एक विद्यार्थिनी तिच्या पेपरची प्रस्तावना घेऊन आली. दुसऱ्या परिच्छेदात माझा पेपर होता. संतपूरकडच्या बाजारांविषयी आता पुरेसं माहीत आहे, असं तिनं लिहिलं होतं. लगेच पुढे, हा अभ्यास औराद तालुक्यातच थांबतो, बसवकल्याणकडच्या गावांकडे त्याचं लक्ष गेलेलं नाही.

माझं डोकं क्षणभर तापलं. मी केवढी हिंडले होते, आणि ही पोरगी म्हणते लक्ष गेलेलं नाही! मग पुन्हा वाचलं. अगदी खरं होतं. मंठाळला मी गेलेच नव्हते. आणि एकदम मला इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. जे माझ्यापर्यंत कुणालाच माहीत नव्हतं, ते हिच्या पिढीला पहिल्यापासून माहीत असलेलं होतं. आमचा बाजार आता कळलेल्या गोष्टींत जमा झाला होता, आणि तो जमा मी केला होता.

माझा चेहरा बघून ती घाबरली. "मॅडम, जास्त झालं का? बदलू का ते वाक्य?"

"एक अक्षर बदललंस तर बघ," मी म्हटलं.