रुमालाखालचा चीन

सोमवारी बेल्ह्याचा बाजार होता. त्या सकाळी माझा मित्र वारला.

चीन आळेफाट्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, असं मनापासून मानणारा मी पाहिलेला तो एकटाच माणूस. माहितीपट काढणं हा त्याचा व्यवसाय आणि चीन हा ध्यास. घरात तो एकटा. शेजारी मी, मीही एकटाच. संध्याकाळी तो मला बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा पाजायचा. मी तोंड वाकडं केलं की म्हणायचा, "तुझ्या जिभेला इतिहासच नाही." कुणाच्या फळीवर लोणच्याची जुनी बरणी दिसली की हा चपला काढून थेट आत, आणि मग चिनी मातीचं पुराण सुरू. बोरीतल्या एका काकूंनी शेवटी बरणीच त्याच्या हातात दिली. "लोणच्यासकट न्या भाऊ, पण आता उठा!"

चीनमधल्या एका गुरांच्या बाजारात एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं त्याचा हात आपल्या बाहीत ओढून घेतला होता आणि बोटं दाबून भाव कसा ठरवतात ते शिकवलं होतं. आमच्या बेल्ह्यात हेच रुमालाखाली चालतं, असं यानं सांगितलं. म्हातारा हसला आणि म्हणाला, दाखव. ते चित्रित करायचं आणि फिल्म घेऊन त्याच्याकडे परत जायचं, एवढ्यासाठीच हा नंतर जगत होता.

पण बेल्ह्याच्या बैलबाजारात रुमालाखालचं कॅमेऱ्याला दिसेना. निदान हाताला कळावं म्हणून यानं आपला हात एका दलालाच्या रुमालाखाली घातला आणि म्हाताऱ्यानं शिकवलं तशी बोटं दाबली. दलालानं रुमाल झटकला.

"झालं, भाऊ. बैल तुमचा."

"अहो, मी नुसता शिकत होतो!"

"शिकाया शाळा हाय, पावणं. हितं बोट दाबलं की शबूद दिला."

सगळा बाजार हसला. यानं मात्र दावं हातात घेतलं. वाटेत मला म्हणाला, "म्हाताऱ्याला काय दाखवू? बोटं दाबून मागे फिरलो ते?"

चित्रणात फक्त गर्दीच्या पाठी आल्या होत्या. पुन्हा घ्यायचं ठरलं, तोवर याला खोकला लागला. रोज संध्याकाळी तो परसात बैलाशी चिनीत बोलायचा. "तुझ्यापेक्षा लक्ष देऊन ऐकतो," असं मला सांगायचा. दर आठवड्याला म्हणायचा, "येत्या सोमवारी नक्की."

फिल्म अपुरी आहे. त्या म्हाताऱ्याचं गाव मला ठाऊक नाही. बैल माझ्या दारात आहे. संध्याकाळी मी बिनदुधाचा चहा करतो आणि त्याच्याजवळ बसून पितो.