श्रीच्या पुढचं गाव

माकणीच्या शांतलिंगनं दूध संघाचा सर्व्हर कित्येक वर्षं घरी बसून सांभाळला. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायच्या, गावोगावच्या संकलन केंद्रांच्या फायली उघडायच्या, रोजचं दूध रोज नोंदलं गेलंय ना ते बघायचं. मग त्याच्या हातातली ताकद जायला लागली. स्नायूंचा आजार, औषध नाही, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. बायको सृष्टी परतीच्या रस्ताभर रडली. हा गडी मात्र घरी येऊन कीबोर्डवरच्या टॅबच्या बटणामागं लागला.

टॅब ही मोठी सोय. फायलीच्या नावाची पहिली दोन-तीन अक्षरं लिहून ते बटण दाबलं, की उरलेलं नाव यंत्रच पुरं करतं. पण ज्या भल्या माणसानं संघाच्या फायली पहिल्यांदा केल्या, त्यानं प्रत्येक गावाच्या नावाआधी श्री घातला होता. आपल्याकडं श्रीशिवाय काही सुरू करतात का? त्यामुळं नुसतं गाव लिहून टॅब दाबलं, तर यंत्र ढिम्म. आधी श्री, मगच गाव. धडधाकट माणसाला त्याचं काय! शांतलिंगला मात्र एकेक अक्षर जड झालं होतं.

“अहो, काढून टाका की तो श्री,” सृष्टी म्हणाली.

“श्री काढू? चेअरमन गुंडप्पाअण्णा दारात तरी उभं करतील का मला?” तो हसला. “आन् बाकीचे प्रोग्रामबी त्याच नावानं फायली हुडकत्यात. ऱ्हाऊ दे. टॅबलाच शिकवतो श्री ओलांडायला.”

त्यासाठी तो लई खपला. टॅब आता श्री सोडून थेट गावाचं नाव जुळवू लागलं. एका अक्षराची चार गावं निघाली, तर ज्याची आजची नोंद राहिलीय ते आधी. शेवटी एका अक्षरावर भागायला लागलं. सृष्टीला याचा राग यायचा. बोटांत उरलेला जीव हा माणूस एका बटणापायी उधळतोय. त्याच हातानं दोन घास तरी खाल्ले असते! तिनं ते बोलूनही दाखवलं. तो टॅबवर खपतच राहिला.

एका सकाळी त्याचं बोट टॅबवर टेकलं, पण बटण दाबलं जाईना. सृष्टीनं त्याच्या बोटावर आपलं बोट ठेवून दाबलं. पडद्यावर ईट गावाचं पूर्ण नाव उमटलं.

“बघ, चाललं,” तो म्हणाला. “आता खुर्चीत तू बस. अण्णांशी बोललोय म्या. काम तुझ्याकडंच ऱ्हातंय.”

“म्हंजी हे तुमच्यासाठी नव्हतं?”

“माझ्या बोटांचं मला ठावं होतं की गं.”

ती बसली. तो शेजारी पलंगावर पडून बघत होता. अक्षर, टॅब, गाव. अक्षर, टॅब, गाव. दुपारपर्यंत सगळी केंद्रं उरकली. तिला त्याला एकदाही काही विचारावं लागलं नाही, आणि त्याचंच तिला रडू कोसळलं.