खंडेनवमीची पटाशी

हत्यार पसंत करण्याच्या बाबतीत आमच्या हिच्या मामांइतका चिकित्सक माणूस उभ्या मावळात झाला नाही आणि, दुकानदारांच्या सुदैवाने, पुन्हा होणार नाही. लोणावळ्याला रेल्वेत कारकुनी करणारे हे गृहस्थ एका हातोडीसाठी पुण्याच्या दुकानात अर्धा दिवस काढायचे. दांडा उजेडात धरून लाकडाच्या रेषा सरळ आहेत का ते पाहायचं, मग तिचं डोकं कानाशी नेऊन टिचकी मारायची. "हातोडी बघून घ्यायची नसते, ऐकून घ्यायची असते," म्हणायचे. करवत वाकवून सोडायचे. ती झटकन सरळ झाली नाही की दुकानदाराकडे असे बघायचे की बिचारा आपणहून ती आत नेऊन ठेवी. पेटीची कथा तर विचारूच नका. सागवानी, आत जुन्या शालीचं अस्तर, आणि प्रत्येक हत्याराला त्याच्या मापाची खाच. पेटी हलवल्यावर आत खुट्ट वाजलं, की चालली परत सुताराकडे.

एवढी हत्यारं म्हटल्यावर घर कसं ठाकठीक असेल, असं तुम्हाला वाटेल. छे हो! खुर्ची डुगडुगायची, फडताळाचं दार लोंबायचं. मामांना हत्यार वापरवायचंच नाही. धार जाईल, मूठ मळेल. शेजाऱ्यांना पेटीचं दर्शन लांबूनच. भिंतीत खिळा ठोकायचा तर मामा वरवंटा घ्यायचे. मामी म्हणायच्या, "यांच्या हातोडीला खिळा सोसत नाही, म्हणून माझ्या चटणीत चुना."

खंडेनवमीला मात्र सगळी हत्यारं पाटावर यायची. हळदकुंकू, फुलं, आणि मग दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. ही रीत घरोघरची. मामा ती वर्षभर पाळत, एवढंच. पाटावर मधला मान असे तो लाकूड कोरायच्या, विलायती पोलादाच्या पटाशीला. घरात आल्यापासून तिने लाकूड पाहिलं नव्हतं.

अशाच एका खंडेनवमीला मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. पाऊस हटायला तयार नव्हता. कपडे वाळेनात, म्हणून मामींनी आतल्या खोलीत कोळशाची शेगडी पेटवली, वर टोपली उपडी घालून कपडे पसरले आणि ऊब जाऊ नये म्हणून आतून दार ओढून घेतलं. पावसाने फुगलेलं दार चौकटीत असं घट्ट बसलं की आतून ढकलून हलेना. खोलीला खिडकी नाही आणि मामींना दमा. आधी हाक आली, मग नुसता खोकला. मी बाहेरून जोर लावून ओढलं, तर कडीच उपटून हातात आली. दूध घालायला आलेला कार्ल्याचा गवळी धावला. त्याने फटीत बोटं घालून पाहिली आणि म्हणाला, "आबा, हातानं न्हाई निघायचं. हत्यार काडा."

मामा पूजेच्या पाटाजवळ गेले. आता हे पारखत बसतात की काय, या विचाराने मला घाम फुटला. पण त्यांनी फुलं बाजूला सारली, ती पटाशी आणि हातोडी उचलली, पटाशी फटीत घातली आणि घाव घातले. मग पटाशीवर सगळा भार टाकून दार उचकटलं. टण्ण आवाज झाला, पटाशीचं टोक उडालं आणि दार उघडलं.

मामी धापा टाकत ओसरीवर येऊन बसल्या. मोकळ्या हवेत हळूहळू धाप कमी झाली, पाणी प्यायल्या, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. गवळी उगीचच हसायला लागला, मग मीही. एवढ्यात मामींचं लक्ष कुंकू लागलेल्या पटाशीकडे गेलं.

"अहो, पूजा मोडलीत?"

"मोडली," मामा म्हणाले. "तू बोलत राहा."

ती पटाशी त्यांनी पुन्हा कधी घासून घेतली नाही. पुढच्या खंडेनवमीपासून तिला पहिलं कुंकू मामी लावायच्या, आणि तेवढा वेळ मामा खिडकीतून बाहेर बघत उभे राहायचे.

मामा आता नाहीत. परवा आमचं दार फुगलं, म्हणून मी मामींकडे गेलो. जन्मात प्रथमच त्या घरी हत्यार मागायला जीभ रेटली. मामींनी पेटी माझ्यापुढे सरकवली. "हवं ते ने, चांगलं वापर," म्हणाल्या. मी पटाशी उचलली, तर तीच, टोक उडालेली निघाली. मामींनी हात पुढे केला.

"तेवढी ठेव," त्या म्हणाल्या. "ती माझी आहे."