इंजिनाच्या टाकीतलं पाणी

आमच्या पिठाच्या गिरणीला विजेची मोटर बसली, तेव्हा आमचे हे जुनं ऑइल इंजिन विकायला निघाले होते. सासऱ्यांनी विकू दिलं नाही. "लाईट पाव्हनी हाय," ते म्हणाले, "इंजिन घरचं हाय." दुष्काळात त्यांचंच खरं ठरलं. लाईट कधीही जायची. मग मामंजी मोटरीवरचा पट्टा काढून इंजिनाला चढवायचे आणि स्वतः हँडल मारायचे. ते हँडल दुसऱ्या कुणाला धरू देत नसत, पोटच्या पोरालाही नाही.

इंजिन थंड राहावं म्हणून शेजारी पाण्याची टाकी होती. माणसं हंडाभर पाण्यासाठी टँकरमागे धावत होती आणि आमच्या टाकीत पाणी भरलेलं. मला त्याची लाज वाटायची. टाकीला हात लावायचा नाही, अशी घरात सक्त ताकीद होती.

एका दुपारी खालच्या आळीतली एक बाई कडेवर तापलेलं पोर घेऊन आली. टँकर आला नव्हता. भीड भिकेची बहीण, हे मला माहेरी शिकवलं होतं. पण पाण्याला नाही म्हणू नये, हेही तिथंच शिकवलं होतं. मी टाकीतून तिच्या दोन घागरी भरून दिल्या. टँकर आला की टाकी भरू, असा माझा हिशोब. टँकर काही आला नाही.

दिवस मावळायला बाया खडी फोडून परतल्या, रेशनची लाल मिलो ज्वारी घेऊन दळणाला बसल्या. दुपारची ती बाईही होती. आणि लाईट गेली. हे शेवगावला गेलेले. मामंजींनी पट्टा चढवला, टाकीत डोकावले, जरा थबकले.

"सूनबाई, पानी हाय ना गं पुरेसं? मला कमी दिसतंय."

सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. एवढ्या जणींना सोडून एकीलाच पाणी दिलं, हे कोणत्या तोंडानं सांगू?

"आहे, मामंजी," मी म्हणाले.

त्यांनी हँडल मारलं. दोन पायल्या दळून झाल्या असतील, इंजिन धापा टाकायला लागलं, जळका वास सुटला आणि ते जागेवर बसलं. बाया न दळलेलं धान्य उचलून निघाल्या. "घुगऱ्या शिजवीन," ती बाई माझ्याकडे न बघता म्हणाली.

हे परत आले ते तापलेच. "आबा, पाणी कुणी बघितलं?"

मामंजींनी एकदा टाकीकडे पाहिलं. "म्या बघितलं. नदर गेली माजी."

"मग इथून पुढं इंजिनाला हात लावू नका."

मी पदराचं टोक पिळत उभी होते. आजही त्या गप्प राहण्याची मला चीड येते.

इंजिन महिन्याभरात दुरुस्त झालं. लाईट गेली की हे हँडल मारायचे. मामंजी उंबऱ्यावर बसून आवाज ऐकायचे आणि त्यांची उजवी मूठ मांडीवर आपोआप वळायची. मला ते कधी वेडंवाकडं बोलले नाहीत. संध्याकाळी तेवढी हाक यायची, "सूनबाई, टाकी बघितली का गं?"

मी उठून जायची आणि कोपरापर्यंत हात बुडवून बघायची. मामंजींच्या नजरेला काहीएक झालेलं नव्हतं. शेवटपर्यंत ते सुईत दोरा स्वतः ओवत.